डॉकिंगनंतर यान डुलतंय? स्ट्रट लावायच्या आधी हे तपासा

ठाण्यात आणि खाडीपलीकडे ऐरोली, कोपरखैरणे, वाशीत केर्बल स्पेस प्रोग्रॅम हा यानं बांधून उडवायचा गेम खेळणारी बरीच मुलं आहेत, आणि मुलांच्या नावाखाली रात्री जागणारे काही बापही. त्यांच्या बिघडलेल्या सेव्ह फाइल माझ्याकडे येतात. तक्रार बहुधा एकच असते. दोन यानं सुटी असताना सरळ उडतात, डॉक केली, म्हणजे एकमेकांना जोडली, की डुलायला लागतात. इंजिन पेटवलं की जोड मधेच लचकतो, नाक भलतीकडे वळतं आणि ड्यूना ग्रहाकडे निघताना इंजिनाचा बर्न अर्ध्यावर सोडावा लागतो.

फाइल उघडली की दिसतं, यानावर आधीच भरपूर स्ट्रट, म्हणजे आधाराच्या दांड्या, लावलेले आहेत. तरी पुढचा प्रश्न ठरलेला: "काका, अजून कुठे लावू?" मी सांगतो, सध्या कुठेच नको. सांधा लवचिक असतो हे खरं, पण नुसत्या लवचिक सांध्याने यान फारसं डुलत नाही, हलतं आणि थांबतं. ते हलणं वाढवत नेतं ते नियंत्रण: एसएएस (यान आपोआप स्थिर धरणारी यंत्रणा), त्याच्या हुकुमाने वळणारी इंजिनाची नळकांडी, रिअ‍ॅक्शन व्हील (आत फिरून यान वळवणारी चाकं), आरसीएस (छोटे थ्रस्टर). म्हणून आधी नियंत्रण शांत करायचं, मग वजन कुठे आहे ते बघायचं, आणि सांधा मजबूत करायचं काम शेवटी. बहुतेक जण नेमकं उलट्या क्रमाने जातात. त्यात पुन्हा बांधणी, पुन्हा उड्डाण, पुन्हा डॉकिंग, अशी अख्खी संध्याकाळ जाते.

खालचं सगळं पहिल्या केर्बलच्या १.१२ आवृत्तीला धरून आहे. मॉड, म्हणजे खेळाडूंनी बनवलेली जोड, नाहीत असं गृहीत धरलंय. मॉडचं शेवटी बघू.

लक्षणं: तुमचं यान नेमकं काय करतंय?

"डुलतंय" या एका तक्रारीखाली पाच वेगळे आजार असतात. आधी आपला कोणता ते ओळखा.

पहिला: इंजिन बंद, कक्षेत नुसतं तरंगतंय, तरी यान ठरावीक तालात थरथरतंय. एसएएस बंद केला की थरथर हळूहळू विरते. हे निव्वळ नियंत्रणाचं दुखणं आहे आणि यात सांध्याला हात लावायची गरज नसते.

दुसरा: तरंगताना यान एकदम सरळ, पण थ्रॉटल वाढवला की डॉकिंग पोर्टपाशी, म्हणजे जोडाच्या जागी, वाकतं. इथे वजन, जोर आणि सांधा तिघंही आले.

तिसरा: थरथर नाही, पण यान आपणहून एका बाजूला वळत राहतं. हा डोलण्याचा प्रकारच नाही. कुठेतरी काहीतरी चालू राहिलंय, नाहीतर जोराची रेषा सेंटर ऑफ मासमधून (वस्तुमानाच्या केंद्रातून) जात नाही.

चौथा: एरवी बरं चालतं, फक्त फिजिकल टाइम वॉर्पमध्ये, म्हणजे फिजिक्स चालू ठेवून वेळ पळवताना, नाचतं.

पाचवा, आणि हाच वाईट: यानावर स्विच केलं की फिजिक्स सुरू होताच ते उडी मारतं, तुटतं किंवा फुटतं. खेळणारे याला क्रॅकन म्हणतात. तुमचं असं होत असेल तर मधलं सगळं सोडून ऑटोस्ट्रटच्या (गेमच्या न दिसणाऱ्या बांधण्यांच्या) भागाकडे जा.

काहीही करण्याआधी सेव्ह करा. नुसता एफ५ नको, ऑल्ट आणि एफ५ दाबून नाव देऊन करा. साधा क्विकसेव्ह पुढच्या एफ५ला पुसला जातो, आणि तपासणी करताना बोट एफ५वर आपोआप जातं.

टी दाबून हात मागे घ्या

सगळ्यात स्वस्त तपासणी. टी दाबून एसएएस बंद करा, थ्रॉटल शून्यावर आणा, आरसीएसचा हिरवा दिवा लागला असेल तर तोही बंद करा. मग कशालाही हात न लावता थोडा वेळ बघत बसा.

डोलणं विरत गेलं तर सांधा ठीक आहे, दोष नियंत्रणाचा. विरलं नाही, किंवा वाढलं, तर सांध्यात किंवा ऑटोस्ट्रटमध्ये काहीतरी एकमेकांशी भांडतंय. पुढची निम्मी तपासणी वाचवणारी पायरी ही आहे, आणि लोक नेमकी हीच टाळतात, कारण एसएएस बंद केला की यान हातातून जाईल अशी भीती वाटते. कक्षेत तरंगणारं यान कुठेही जात नाही.

याच्या जोडीला एक युक्ती. वातावरणाबाहेर, थ्रॉटल शून्यावर ठेवून, क्षणभर साध्या टाइम वॉर्पमध्ये जाऊन परत या. साध्या वॉर्पमध्ये गेम भागांमधलं फिजिक्स थांबवतो, त्यामुळे डोलणं आणि फिरणं दोन्ही जागच्या जागी थांबतं. हा इलाज नाही, पण प्रत्येक चाचणी शांत यानापासून सुरू करायची असेल तर याहून सोपं काही नाही.

फिजिकल वॉर्प आणि तापलेला लॅपटॉप

वर डावीकडचं मोहिमेचं घड्याळ पिवळं किंवा लाल दिसत असेल तर लॅपटॉपला गेमचा वेग झेपत नाहीये. मे महिन्यात घोडबंदर रोडच्या पश्चिमेकडे तोंड असलेल्या खोलीत, गादीवर ठेवलेल्या लॅपटॉपवर हे घड्याळ हिरवं राहणं अवघडच. पण एक गैरसमज दूर करतो: घड्याळ पिवळं झालं म्हणून यान डुलत नाही. गेम सेकंदाला पन्नास पावलांनी हिशेब करतो, म्हणजे एक पाऊल ०.०२ सेकंदाचं. मशीन मागे पडलं की गेम पाऊल मोठं करत नाही, स्वतः सावकाश चालतो. हिशेब तितकाच अचूक राहतो, फक्त तुमचा वेळ जातो.

बिघाड पुढे होतो. दोन नर्व्ह इंजिनं मिळून १२० किलोन्यूटन जोर देतात. ५० टनांच्या यानाला सेकंदाला १००० मीटर वेग वाढवून द्यायचा तर सहा-सात मिनिटं लागतात, आणि घड्याळ पिवळं असेल तर प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त. कंटाळून माणूस ऑल्ट धरून फिजिकल वॉर्प चौपट करतो. आता मात्र हिशेबाचं पाऊलच मोठं होतं. जो सांधा एकपटीला नीट धरून होता तोच चौपटीला सुटल्यासारखा वागायला लागतो. म्हणून आधी एकपटीवर येऊन बघा. चौथं लक्षण असलेल्यांचं काम इथेच संपतं. बर्न लांबच असेल तर दुपटीवर थांबा आणि चहा करून घ्या.

दुसऱ्या यानाचं काय काय चालू आहे?

डॉक होताच गेमच्या लेखी दोन्ही मिळून एकच यान. दोघांची इंजिनं, आरसीएस, रिअ‍ॅक्शन व्हील आता एकाच एसएएसच्या हाताखाली येतात. लँडरचं इंजिन मघाशी वापरलं होतं, ते अजून चालू अवस्थेत आहे. थ्रॉटल वाढवला की टगच्या, म्हणजे ढकलणाऱ्या यानाच्या, इंजिनाबरोबर तेही पेटतं, आणि बहुधा उलट्या दिशेने. कोपरखैरण्याच्या एका मुलाचं स्थानक दरवेळी गोल फिरायचं ते एवढ्यानेच.

दोन्ही बाजूंचं प्रत्येक इंजिन राइट क्लिक करून तपासा. बर्नमध्ये ज्याचं काम नाही ते शटडाऊन करा. पाहुण्या यानाचे आरसीएस आणि रिअ‍ॅक्शन व्हील बंद करा. हे सगळं बांधतानाच एका अ‍ॅक्शन ग्रुपला लावून ठेवलं तर एका बटणाचं काम राहतं.

खऱ्या अंतराळातही हे घडलेलं आहे. २९ जुलै २०२१ रोजी रशियाचं नाउका मॉड्यूल आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाला जोडलं गेलं आणि काही तासांनी त्याचे थ्रस्टर आपोआप सुरू झाले. अख्खं स्थानक सुमारे ५४० अंश फिरलं. ते आवरायला झ्वेझ्दा मॉड्यूलचे आणि प्रोग्रेस यानाचे थ्रस्टर लावावे लागले.

मात्र दरवेळी नव्या पाहुण्यावर संशय घेऊ नका. १६ मार्च १९६६ रोजी जेमिनी ८ मधून नील आर्मस्ट्राँग आणि डेव्हिड स्कॉट यांनी एजीना या मानवरहित यानाशी इतिहासातलं पहिलं डॉकिंग केलं. थोड्याच वेळात जोडगोळी फिरायला लागली. संशय एजीनावर गेला, म्हणून त्यांनी जेमिनी सोडवून घेतलं. फिरणं थांबायच्या ऐवजी वाढलं, सेकंदाला जवळपास एक फेरी. अडकलेला थ्रस्टर जेमिनीचाच होता, आणि एजीनाचं वजन गेल्यावर त्याच जोराने एकटं जेमिनी आणखी वेगाने फिरलं. शेवटी आर्मस्ट्राँगने परतीसाठी राखलेले थ्रस्टर वापरून ते आवरलं. आपल्यासाठी यातून घ्यायचं ते असं की अनडॉक करणं ही शेवटची चाचणी ठेवा. आधी एकेक वस्तू बंद करून बघा.

कंट्रोल कुठून चाललाय?

एसएएस सगळं यान बघत नाही. तो एकाच भागाचा कोन बघतो, ज्याच्यावर तुम्ही "कंट्रोल फ्रॉम हिअर" केलंय त्याचा. डॉकिंग करताना अनेक जण पोर्टवरून कंट्रोल घेतात, ते बरोबरच आहे, पण नंतर तो परत द्यायचं राहून जातं.

समजा कंट्रोल लांब यानाच्या टोकावरच्या कॉकपिटमध्ये आहे. मधला सांधा जरासा वाकला तरी टोक बरंच हलतं. एसएएसला वाटतं अख्खं यान वळलं. तो उलट जोर लावतो. तो जोर लागेपर्यंत सांधा आपणहून परत यायला निघालेला असतो, म्हणजे दोन धक्के एकाच दिशेने बसतात. टोक पलीकडे जास्त जातं, एसएएस आणखी जोर लावतो. पहिल्या लक्षणातली तालबद्ध थरथर ही अशी जन्मते.

सेंटर ऑफ मासच्या जवळ असलेला, बर्नच्या दिशेला तोंड असलेला भाग निवडा. तिथे यान लचकलं तरी कोन कमी बदलतो. असा भाग नसेल तर पुढच्या वेळी बांधताना मधे एक प्रोब कोअर (माणसाशिवाय कंट्रोल देणारा भाग) घाला, त्याचं वजन नगण्य असतं. दिशा मात्र नेव्हबॉलवर (खालच्या दिशादर्शक गोलावर) खात्रीने बघून घ्या. उलट्या तोंडाच्या पॉडवरून प्रोग्रेड (प्रवासाची दिशा) धरलं तर यान नव्वद टक्के शहाण्यासारखं वागेल आणि बर्न पूर्ण उलटा होईल.

जोर कमी करा

इंजिनाचं नळकांडं जितकं वळू शकतं तितका एसएएसच्या हातात दांडगा सोटा. पूडल ४.५ अंश वळतं, ऱ्हायनो ४ अंश, व्हेक्टर तर १०.५. नर्व्ह अजिबात वळत नाही, आणि लांब पल्ल्याच्या टगवर मला ते आवडण्याचं निम्मं कारण हे आहे. इंजिनावर राइट क्लिक करून गिंबल लिमिट (नळकांडं किती वळेल ती मर्यादा) पंचवीसच्या खाली आणा, गरज वाटली तर गिंबल पूर्ण लॉक करा. सरळ बर्नला रिअ‍ॅक्शन व्हील पुरतात. तीही जास्त असतील तर त्यांची ऑथॉरिटी स्लायडरने कमी करा. सहा व्हील लावलेलं यान मी पाहिलंय, त्यातली चार बंद केल्यावर ते पहिल्यांदा सरळ उडालं.

एसएएसचा मोडही बघा. मॅन्यूव्हर किंवा प्रोग्रेडवर ठेवलेला एसएएस सतत एका खुणेचा पाठलाग करतो. आधी त्या मोडमध्ये यान खुणेवर आणा, पूर्ण स्थिर होऊ द्या, आणि बर्न सुरू करताना साध्या स्टॅबिलिटीवर टाका. बर्न लांबला तर मधे थांबून पुन्हा जुळवून घ्या.

थ्रॉटल झेडने एकदम पूर्ण उघडायची सवय सोडा. शिफ्ट धरून हळू वाढवा. एकदम बसलेल्या धक्क्याने सांधा आधी दबतो, मग उसळतो, आणि त्या उसळीवर एसएएस तुटून पडतो. एक तृतीयांश थ्रॉटलला यान सरळ जात असेल तर तसंच जाऊ द्या. बर्न फार लांबत असेल तर पेरिअ‍ॅप्सिसपाशी (कक्षेतल्या सगळ्यात जवळच्या बिंदूपाशी) दोन-तीन तुकड्यांत करा. त्यात इंधनाचंही नुकसान कमी होतं.

इंधन हलवा, यान बांधू नका

या पायरीला दमडी लागत नाही, फक्त दोन टाक्यांवर ऑल्ट धरून राइट क्लिक करावं लागतं. तरी हे करून आलेली फाइल क्वचितच दिसते.

ढकलणाऱ्या यानात पोर्टमधून किती जोर जातो ते काढायला शाळेतलं गणित पुरतं: पोर्टच्या पुढे असलेलं वस्तुमान गुणिले त्वरण. पूडलचा जोर २५० किलोन्यूटन. यान एकूण ५० टन. त्वरण सेकंदाला ५ मीटर प्रति सेकंद. पोर्टच्या पुढे ३० टन असतील तर पोर्टमधून १५० किलोन्यूटन जातात. आता पुढच्या टाकीतलं १६ टन इंधन मागच्या, इंजिनाकडच्या रिकाम्या टाकीत टाका. एकूण वजन तेच, त्वरण तेच, पण पुढे १४ टनच उरले. पोर्टवर आता ७० किलोन्यूटन. सांध्याला हात न लावता त्याच्यावरचा भार निम्म्याहून कमी झाला.

मागे जागा नसेल तर पुढच्या टाक्यांचा फ्लो प्रायॉरिटी आकडा वाढवा, म्हणजे आधी त्याच रिकाम्या होतील. पोर्टमधून क्रॉसफीड चालू आहे ना, तेवढं बघा. इंजिन आणि टाकी पोर्टच्या दोन बाजूंना असतील तर क्रॉसफीडशिवाय इंधन पोचणारच नाही.

तिसरं लक्षण असेल, म्हणजे यान एकाच बाजूला ओढ घेत असेल, तर इंधनाचा डावा-उजवा तोल बघा. बाजूला डॉक केलेला भरलेला लँडर सेंटर ऑफ मास स्वतःकडे खेचतो. इंजिनाची रेषा त्यातून जात नाही, मग एसएएसला पूर्ण बर्नभर तो झोक सावरत बसावं लागतं. लँडर नाकावर हलवा, किंवा समोरच्या बाजूला तेवढंच वजन येऊ द्या.

पोर्ट मुळात कमकुवत का, तेही इथेच सांगतो. भरलेली जम्बो-६४ टाकी ३६ टनांची. साधं क्लॅम्प-ओ-ट्रॉन ०.०५ टन. म्हणजे टाकी पोर्टच्या ७२० पट जड, आणि अशी एक टाकी पोर्टच्या दोन्ही बाजूंना. गेम ज्या युनिटी इंजिनावर चालतो त्यातले सांधे साधारण बरोबरीच्या वजनांत नीट वागतात. मधे फार हलका भाग आला की हिशेब डळमळतो. दहीहंडीत खालच्या आणि वरच्या थरात दांडगे गडी आणि मधल्या थरात एकच किडमिडीत पोरगा उभा केला तर थर कुठून सुटेल हे नौपाड्यातल्या कुणालाही विचारा. मोठं क्लॅम्प-ओ-ट्रॉन सीनियर ०.२ टनांचं आहे. अजूनही १८० पट फरक आहे, पण त्याचा सांधा अडीच मीटरचा असल्याने बराच कणखर. ज्युनियर पोर्ट तर फक्त प्रोब आणि छोट्या लँडरपुरतंच. त्यावर ३६ टन लादून मग मदत मागू नका.

आता सांधा: पोर्टचं कुलूप आणि ऑटोस्ट्रट

१.१२ मध्ये डॉकिंग पोर्ट फिरवता येतात. जुळवताना कुलूप काढलं असेल तर ते परत लावलंय का बघा, दोन्ही बाजूंच्या पोर्टवर.

ऑटोस्ट्रटसाठी सेटिंग्जमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड ट्वीकेबल्स चालू लागतात. मग भागावर राइट क्लिक केलं की तीन पर्याय मिळतात: हेविएस्ट, रूट (यानाचा मूळ भाग) आणि ग्रँडपेरंट. हे स्ट्रट दिसत नाहीत, वजन नाही, आणि उडत्या यानावरही लावता येतात. एवढी सोय असली की माणूस सगळ्या भागांवर हेविएस्ट लावून मोकळा होतो. पाचव्या लक्षणाच्या फाइलींत मला हेच दिसतं.

हेविएस्ट म्हणजे त्या क्षणी जो भाग सगळ्यात जड असेल त्याला बांधणी. डॉक केलं की सगळ्यात जड भाग बदलू शकतो, इंधन जळालं की पुन्हा बदलू शकतो. बांधण्या इकडून तिकडे उड्या मारतात. त्यात यान किंचित वाकलेलं असताना बांधणी झाली तर तो वाक ताण म्हणून आत साठून राहतो, आणि पुढच्या वेळी यान लोड झालं की एकदम सुटतो. जमिनीवर डॉक केलेल्या तळांवर हे फार होतं, कारण तिथे चाकं आणि पाय वेगळ्या उंचीवर ताणून बसलेले असतात.

मी ग्रँडपेरंटवर भर देतो. तो फक्त एक भाग ओलांडून बांधतो, त्यामुळे डॉकिंगनंतर भलतीकडे पळत नाही. दोन्ही बाजूंच्या पोर्टवर आणि पोर्टला लागून असलेल्या एकेका टाकीवर तो लावा. चार ठिकाणी का? डॉक झाल्यावर एका यानाची झाडासारखी रचना पोर्टपासून उलटी लावली जाते, कोण कुणाचा पालक ते बदलतं. चारही ठिकाणी लावलं की रचना कुठूनही फिरली तरी सांध्यावरून बांधणी जातेच. याउपर एखाद-दुसरा रूटचा, लांब टोकाच्या भागावर. बस.

बांधण्या कुठे गेल्या आहेत ते डोळ्यांनी बघता येतं. ऑल्ट आणि एफ१२ दाबून उघडणाऱ्या खिडकीत फिजिक्सखाली ऑटोस्ट्रट दाखवायचा पर्याय आहे. तो लावल्याशिवाय अंदाजाने काही बदलू नका. बिजागरी किंवा फिरणारे रोबोटिक भाग असतील तर त्यांच्यावरून जाणारी बांधणी काढा, नाहीतर ते हलणार नाहीत.

रिजिड अटॅचमेंट हा वेगळा पर्याय तिथेच दिसतो. त्याने सांधा ताठ होतो आणि ठिसूळही. पोर्टशेजारच्या एखाद्या भागावर ठीक, सगळ्या यानावर नको.

इथवर येऊनही डुलतंय? मग बांधणी बदला

हा महागडा टप्पा. दोन रस्ते आहेत.

एक, टगने ढकलण्याऐवजी ओढायचं. ढकलताना सांधा जरा वाकला की जोर त्याला आणखी वाकवतो. ओढताना तोच जोर त्याला सरळ करतो. इंजिनं पुढे, बाजूंच्या हातांवर लावायची, मागून माल लटकायचा. एकच पथ्य: धुराचा झोत मालावर पडता कामा नये, नाहीतर माल तापतो आणि जोरही वाया जातो. हात पुरेसे लांब ठेवा.

दोन, एकाऐवजी तीन किंवा चार पोर्ट एकदम जोडायचे. कठीण काम, पण झालं की सांधा अक्षरशः हलत नाही. पोर्टमधलं अंतर दोन्ही यानांवर तंतोतंत सारखं लागतं, म्हणून पोर्टचा तो सेट एकदाच बांधून सबअसेंब्ली म्हणून जपून ठेवा आणि दोन्हीकडे तोच वापरा. डॉक झाल्यावर प्रत्येक पोर्टवर राइट क्लिक करून अनडॉकचं बटण आलंय का बघा. एखादा पोर्ट नुसता टेकलेला आणि न जोडलेला असेल तर तो मदत करण्याऐवजी बाकीच्यांना तिरका रेटत राहतो. त्यापेक्षा एकच मोठा सीनियर पोर्ट परवडला.

भारतीय अंतराळ स्थानक २०३५ पर्यंत उभं करायचं इस्रोने जाहीर केल्यापासून त्याची प्रतिकृती बांधायची इथल्या मुलांना हौस आहे. १६ जानेवारी २०२५ला इस्रोच्या स्पेडेक्स मोहिमेची दोन यानं जोडली गेल्यावर ती आणखी वाढली. त्यांना एवढंच सांगेन की स्पेडेक्सची यानं प्रत्येकी २२० किलोच्या आसपास होती. तुमचं पहिलं डॉकिंगही हलक्या यानांचं असू द्या. आणि स्थानकाला मोठी इंजिनं लावून ते चंद्रापर्यंत न्यायचा हट्ट नको. ते जिथे बांधलं तिथेच राहू दे.

मॉड

केर्बल जॉइंट रीइन्फोर्समेंट नावाचा मॉड सगळे सांधे घट्ट करतो आणि चांगला चालतो. फक्त तो लावल्यावर हाताने लावलेले ऑटोस्ट्रट काढून टाका, दोन्हीचा मारा एकदम नको. इतर मॉडचा संशय असेल तर गेमच्या फोल्डरची दुसरी प्रत करा, तिच्यातले मॉड काढा, साधे भाग वापरून दोन छोटी यानं डॉक करून बघा. तिथे डोलत नसेल तर मूळ प्रतीत मॉड एकेक करून परत घाला.

कुठे थांबायचं

लोड होताच यान फुटत असेल आणि ऑटोस्ट्रट काढायलाही वेळ मिळत नसेल, तर पुन्हा पुन्हा लोड करत बसू नका. प्रत्येक लोडनंतर गेम आपोआप सेव्ह करू शकतो, आणि फुटलेलं यान हीच मग खरी अवस्था ठरते. गेम बंद करा, सेव्ह्ज फोल्डरची प्रत वेगळ्या जागी ठेवा. सेव्ह फाइल साध्या मजकुराची असते, त्यामुळे नोटपॅडमध्ये उघडून दुरुस्त करायचा मोह होतो. कंस कुठे उघडला आणि कुठे मिटला हे कळत नसेल तर हात लावू नका, ज्याला ती वाचता येते त्याच्याकडे द्या.

डोलण्याबरोबर पूर्ण स्क्रीन गोठत असेल, दुसरे जड गेम खेळतानाही लॅपटॉप अचानक बंद पडत असेल, तर तो केर्बलचा प्रश्न नाही. पंखा साफ करणं, थर्मल पेस्ट बदलणं, डिस्क तपासणं हे लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्याचं काम आहे. गोखले रोडला किंवा वाशीत माहितीतला माणूस असेल तर त्याच्याकडे, नाहीतर लॅमिंग्टन रोड आहेच. लॅपटॉपचा तळ फुगलेला दिसला, टचपॅड वर उचललं गेलं किंवा जळका वास आला तर चार्जर काढा, मशीन बंद करा आणि ते तसंच घेऊन जा. फुगलेली बॅटरी घरी उघडायची नाही, दाबून बघायचीही नाही.

सेव्ह फाइल कुणालाही दाखवायला देताना तीन गोष्टी बरोबर द्या: गेमची आवृत्ती, मॉडची यादी, आणि गेमच्या फोल्डरमधली केएसपी डॉट लॉग ही फाइल. लॉगसाठी गेम नव्याने सुरू करा, बिघाड एकदाच होऊ द्या आणि लगेच गेम बंद करून फाइल उचला. तासभर खेळून मग पाठवली तर हवी ती ओळ शोधण्यातच रात्र जाते.